नव्या नावेला अनुदान, जुन्या नावेला रंग

काटेवाडीच्या शिवारात नाव नाही, आणि नावेची गरजही नाही. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेला ऊस, त्या उसावर उभे राहिलेले साखर कारखाने आणि त्या कारखान्यांवर उभे राहिलेले राजकारण हा इथला इतिहास महाराष्ट्राला पाठ आहे. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी काटेवाडीत येते तेव्हा परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो, पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते आणि सोहळा इंदापूरच्या वाटेला लागतो. या वाटेवर पाण्याचा विचार दोनच रीतींनी होतो : आपल्याला किती मिळाले आणि दुसऱ्याने किती पळवले. लाकडी-निंबोडी उपसा योजनेवरून २०२२ साली इंदापूर-बारामती एका बाजूला आणि सोलापूर जिल्हा दुसऱ्या बाजूला अशी जी भांडणे पेटली, ती सगळी उजनीच्या पाण्याच्या वाट्याची होती. त्याच उजनीच्या पाण्यावरून माणसे रोज या काठावरून त्या काठाला जातात, आणि ज्या नावेतून जातात तिच्या लाकडाची स्थिती काय आहे, हा प्रश्न मात्र त्या भांडणात कोणत्याही पुढाऱ्याने विचारला नाही. तो विचारण्याजोगा वाटलाच नाही, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. भीमेचे पाणी मागे पसरत गेले आणि इंदापूर व करमाळा या दोन तालुक्यांच्या मध्ये एक विस्तीर्ण जलाशय तयार झाला. सरकारदरबारी त्याचे नाव यशवंतसागर. जुने पळसदेव त्याच्या पोटात गेले. उन्हाळ्यात पाणी खूपच ओसरले तर तिथले देऊळ उघडे पडते आणि वृत्तपत्रांना एक छायाचित्र मिळते. पण देवळाबरोबर आणखी एक गोष्ट बुडाली, तिचे छायाचित्र निघत नाही. नदीच्या दोन काठांची गावे एकमेकांची सोयरी होती, एकमेकांच्या बाजाराची होती. नदी उतरून जाण्याच्या त्यांच्या वाटा पाण्याखाली गेल्या. कुगावच्या माणसाला इंदापूर समोर दिसते, पण रस्त्याने जायचे तर एकीकडे भिगवणचा किंवा दुसरीकडे टेंभुर्णीचा वळसा घ्यावा लागतो. शासनाने धरण बांधले, कालवे काढले, वीज निर्माण केली. बुडालेल्या वाटेच्या बदल्यात वाट देणे मात्र राहून गेले. ती उणीव नावाड्याने भरून काढली. म्हणजेच उजनीवरची नाव ही सहलीची चैन नसून सरकारने न बांधलेला रस्ता आहे.

२१ मे २०२४ रोजी संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे येणारी अशी एक नाव वादळी वाऱ्यात उलटली. एक माणूस पोहून काठाला लागला. सहा जण गेले. त्यांत दोन लहान मुले होती. शोधासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आले. ती नाव वाऱ्याने आणि लाटांनी उलटली. तिचे लाकूड कुजले होते म्हणून ती बुडाली, असे म्हणायला कोणताही आधार नाही आणि तसे सुचवण्याचा या लेखाचा हेतूही नाही. मुद्दा त्यानंतर काय बोलले गेले हा आहे. जीवरक्षक जाकिटांविषयी बोलणे झाले, ते योग्यच होते. परवान्याविषयी झाले. शिरसोडी-कुगाव पुलाचा विषय जोराने निघाला, तोही रास्त. पण उजनीच्या काठावर ज्या जुन्या नावा उभ्या आहेत त्यांच्या अंगाची तपासणी आणि दुरुस्ती कोणी करायची, कोणत्या पैशातून करायची आणि कोणाच्या हातून, याविषयी अवाक्षरही निघाले नाही. जाकीट हे नाव बुडाल्यावर उपयोगी पडणारे साधन आहे. नाव बुडू नये म्हणून जे करायचे, ते जाकिटाच्या आधी येते.

आता त्या नावेकडे जरा जवळून पाहिले पाहिजे. कारण अर्थशास्त्र जेव्हा वस्तूपासून फार दूर जाते तेव्हा ते खोटे बोलू लागते.

पूर्वीची नाव लाकडाची. ती दरवर्षी काठावर ओढावी लागे, फटी भराव्या लागत, तेल पाजावे लागे. मग फायबरची नाव आली. काचेच्या तंतूंची चटई साच्यात अंथरायची, तिला रेझीन पाजायचे, असे थरावर थर द्यायचे; वाळले की एकसंध, सांधा नसलेले कवच तयार. हे तंत्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाश्चात्त्य देशांत पुढे आले आणि त्यानंतरच्या दशकांत त्याने जगभरच्या लहान नावांचा धंदा बदलून टाकला. कोकणच्या किनाऱ्यावर ते पोचले, भिगवणच्या रोहित पक्ष्यांपाशी पोचले, कोयनेच्या शिवसागरावर तापोळ्यालाही पोचले. विकणाऱ्याने त्याबरोबर एक वाक्य विकले : फायबरला देखभाल लागत नाही. हे वाक्य अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे वाक्य बाजारात सगळ्यांत महाग विकले जाते.

कारण फायबरच्या नावेत लाकूड असते. ते दिसत नाही, एवढेच. नुसते काचतंतूंचे पान लवचीक असते. त्यावर माणूस उभा राहिला तर ते खाली वाकते. म्हणून डेकला, म्हणजे ज्या सपाटीवर माणसे पाय ठेवतात आणि बसतात तिला, दोन पानांच्या मध्ये गाभा घालतात. परदेशी नौकांत बाल्सा नावाचे हलके लाकूड, आपल्याकडे बहुधा प्लायवूड. वरचे पान, मध्ये गाभा, खालचे पान. ताठपणा येतो तो या दोन पानांमधल्या अंतरामुळे. स्थापत्याचा साधा नियम आहे की फळीची जाडी दुप्पट केली तर तिचा ताठपणा आठपट होतो. गाभ्याने दोन पानांना एकमेकांपासून दूर आणि तरीही एकमेकांशी घट्ट धरून ठेवायचे, हेच त्याचे काम. तो गाभा सुटला की दोन पाने राहतात, पण डेक राहत नाही.

आणि गाभा सुटतो तो काचतंतूंच्या दोषामुळे नव्हे. सुटतो तो भोकांमुळे. दोर बांधायची खुंटी, कठड्याचे पाय, छताचे खांब, बाकड्याचे बोल्ट, इंजिनाच्या बैठकीचे स्क्रू, यांपैकी प्रत्येकासाठी डेकला भोक पाडलेले असते. घाईच्या धंद्यात ते भोक तसेच लाकडातून आरपार जाते, वरून थोडे सीलंट फासले जाते, आणि सीलंट चारपाच उन्हाळ्यांत तडकते. मग पावसाचे पाणी, लाटेचे पाणी, नाव धुण्याचे पाणी थेंबाथेंबाने आत उतरते. आत गेलेल्या पाण्याला बाहेरची वाट नसते, कारण खाली आणि वर न झिरपणारे कवच आहे. लाकडाच्या नावेत पाणी शिरले तर ते सुकते तरी. इथे ते डबक्यात कोंडल्यासारखे राहते. लाकूड फुगते, प्लायवूडचे पदर सुटतात, बुरशी धरते, आणि दहाएक वर्षांनी वरून चकचकीत दिसणाऱ्या डेकवर पाय ठेवला की तो ओल्या गादीसारखा दबतो. इंदापूरच्या कोरड्या उन्हातसुद्धा हे पाणी सुकत नाही. ऊन त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

हे ओळखायला अभियंता लागत नाही. हातोडीच्या लाकडी दांड्याने डेकवर टिचक्या मारत जायचे. चांगल्या जागी आवाज टणक आणि कोरडा येतो; कुजलेल्या जागी तो बसका, मडके फुटके असल्यासारखा येतो. खडूने त्या जागेभोवती रेघ मारायची. नावेवर दहा वर्षे काम केलेल्या कोणाही पोराला ही परीक्षा एका सकाळीत शिकवता येईल. दबणारा डेक धोक्याचा का, तर बाकड्याचे आणि कठड्याचे बोल्ट मऊ लाकडात धरून राहत नाहीत. गर्दीत माणसे कठड्याला टेकतात आणि तो कठडा भुश्श्यात रोवलेला असतो. दुसरे असे की, भिजलेले लाकूड जड होते. तळाशी तरंगण्यासाठी भरलेला फोम असला तर तोही वर्षानुवर्षांत पाणी पितो. नाव कोरडी असताना तिच्यावर जितकी माणसे घ्यायची ठरली, तितकीच भिजल्यावरही घेतली जातात. कडा पाण्याच्या जवळ आलेली असते, पण नावेवर रंगवलेला आकडा तोच राहतो.

यावर बाजारात जी दुरुस्ती मिळते ती दुरुस्ती या शब्दाची थट्टा आहे. मऊ झालेल्या जागेवर आणखी एक चटई अंथरायची, रेझीन ओतायचे, वर निळा रंग द्यायचा. पाणी आत तसेच, उलट आता ते दोन कुलपांत बंद. वजन वाढले. पाय दबायचा थांबतो, दोन हंगाम निघून जातात आणि तेवढ्यात नाव विकून टाकता येते. दुसरी युक्ती म्हणजे डेकला लहान लहान भोके पाडून त्यांतून पातळ रेझीन सोडायचे. कोरड्या आणि नुसत्या सुटलेल्या गाभ्याला हा उपाय कदाचित चालेल; पण ओल्या लाकडाला रेझीन धरतच नाही, आणि जिथे ही युक्ती वापरली जाते तिथे लाकूड ओलेच असते.

खरी दुरुस्ती कष्टाची आहे, पण तिच्यात गूढ काही नाही. खडूच्या रेघेच्या थोडे बाहेरून, जिथे आवाज टणक आहे तिथून, वरचे पान ग्राइंडरने कापायचे आणि शक्यतो अखंड उचलून बाजूला ठेवायचे. आतले काळे पडलेले लाकूड खरवडून काढायचे, चांगले लाकूड लागेपर्यंत. आणि इथे हात आखडता घेतला तर सगळे काम पाण्यात. मग नाव झाकून, वारा खेळेल अशी ठेवून आठवडे सुकू द्यायची. नंतर प्लायवूड. ते कोणते, याला फार महत्त्व आहे. भारतीय मानक संस्थेचे नावांसाठीचे प्लायवूड आयएस ७१० या क्रमांकाचे. घरातल्या कपाटाचे सर्वसाधारण प्लायवूड आयएस ३०३ चे. दुकानात दोन्ही सारखीच दिसतात, किमतीत मात्र बराच फरक असतो, आणि नाव पाण्यात गेल्यावर हा फरक कोणाच्या पदरी पडतो ते उघड आहे. नव्या तुकड्याला सर्व बाजूंनी, विशेषतः कापलेल्या कडांना, रेझीन पाजायचे. खालच्या पानावर घट्ट केलेले रेझीन पसरून तो तुकडा पोकळी न ठेवता बसवायचा आणि वर वजने ठेवायची. मग वरचे पान परत लावायचे. सांध्याच्या दोन्ही बाजूंना थराच्या जाडीच्या निदान बारापट रुंद उतार घासून काढायचा, म्हणजे नवे काचकापड जुन्याला नुसते चिकटणार नाही, त्याच्या अंगात मिसळेल. या कामाला साध्या पॉलिएस्टर रेझीनपेक्षा इपॉक्सी चांगले, कारण जुन्या वाळलेल्या थराला आणि लाकडाला ते अधिक घट्ट धरते. पण ते महाग. शेवटी ज्या भोकांपासून हे सारे सुरू झाले ती भोके : प्रत्येक भोक मुद्दाम मोठे पाडायचे, रेझीनने पूर्ण भरायचे, वाळले की त्या रेझीनच्या मध्यातून बोल्टच्या मापाचे नवे भोक पाडायचे. मग सीलंट तडकले तरी पाणी लाकडापर्यंत जात नाही. नवी नाव बांधतानाच हे केले असते तर पुढचे काही करावे लागले नसते. ते केले नाही, कारण प्रत्येक भोकामागे काही मिनिटे आणि थोडे रेझीन वाचते, आणि डेक मऊ होईपर्यंत बांधणाऱ्याची हमी संपलेली असते.

इथे दुरुस्ती करणाऱ्या कारागिराविषयी बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ग्राइंडर फिरू लागला की काचेची धूळ उडते. ती कातडीत रुतते, छातीत जाते. पॉलिएस्टर रेझीनमधून जो उग्र वास येतो तो स्टायरीनचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ साली स्टायरीनला बहुधा कर्करोगकारक अशा पदार्थांच्या गटात घातले. रेझीन लवकर वाळावे म्हणून त्यात कोबाल्टचे अ‍ॅक्सिलरेटर आणि पेरॉक्साइडचे हार्डनर असे दोन पदार्थ घालावे लागतात. ते रेझीनमध्ये वेगवेगळे मिसळायचे असतात. थेट एकमेकांत पडले तर भडका उडतो. हे सगळे त्या मुलाला कोण सांगते? त्याच्या तोंडाला रुमाल असतो आणि हाताला काहीच नसते. बारामतीला आणि इंदापूरला औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. जोडारी, वीजतंत्री, डिझेल मेकॅनिक यांना त्या प्रशस्तिपत्र देतात, आणि काही कोसांवर एवढा मोठा जलाशय असताना फायबरची नाव दुरुस्त करणाऱ्याला आपला धंदा उस्तादाच्या शिव्या खात शिकावा लागतो.

आता पैशाकडे येऊ.

केंद्र सरकारने २०२० साली प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आणली. तीत सर्वसाधारण लाभार्थ्याला खर्चाच्या ४० टक्के आणि अनुसूचित जाती-जमाती व महिलांना ६० टक्के साहाय्य ठरवले. पारंपरिक मच्छीमाराला जुनी नाव बदलून नवी घेण्यासाठी त्यात तरतूद आहे. जुन्या नौकांच्या सुधारणेचाही एक घटक आहे, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. पण त्याच्या नावातच उद्देश लिहिला आहे, निर्यातक्षमता. म्हणजे मासा परदेशी जाणार असेल तर जुनी नौका सुधारण्याजोगी ठरते. कुगावची बाई कळाशीला जाणार असेल तर तिच्या पायाखालचा डेक त्या व्याख्येत बसत नाही. प्रवाशांची नाव तर मत्स्यखात्याची नव्हेच. जलसंपदा खात्याचे पाणी, महसूल खात्याचा काठ, बंदर खात्याची तपासणी, आणि कुजलेले लाकूड कोणाचेच नाही.

कराची मांडणी यावर ताण आहे. वस्तू व सेवा कराच्या रचनेत मासेमारीची आणि प्रवासी वाहतुकीची तयार नाव ५ टक्क्यांच्या दरात बसते, आणि जुनी नाव दुरुस्त करण्यासाठी लागणारे प्लायवूड व रेझीन १८ टक्क्यांच्या. नाव बांधणाऱ्या कारखानदाराला कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळण्याची सोय आहे. ज्याची नोंदणीच नाही अशा नावाड्याला ती नाही. तो तालुक्याच्या दुकानात जाऊन सगळा कर खिशातून भरतो. याचा अर्थ असा की, राज्यसंस्था एका हाताने नवी नाव स्वस्त करते आणि दुसऱ्या हाताने जुनी नाव जगवणे महाग करते. हे कोणी कट करून केलेले नाही. कट असता तर तो उघडकीला आणून मोडता आला असता. ही विचाराची सवय आहे, आणि ती आपल्या अर्थसंकल्पाच्या घडणीत मुरली आहे. नवी वस्तू घेतली तर तो भांडवली खर्च, म्हणजे विकास. दुरुस्ती केली तर तो महसुली खर्च, म्हणजे काटकसरीच्या पहिल्या कुऱ्हाडीखाली जाणारे शीर्ष. नव्या नावेला फीत बांधून ती कापता येते, मंत्र्याचे छायाचित्र निघते. कुजलेले प्लायवूड खरवडून काढणाऱ्या माणसाशेजारी कोणता मंत्री उभा राहील?

राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबातही तीच गोम आहे. ज्या आकड्याच्या वाढीवरून देशाची प्रगती मोजली जाते तो ढोबळ उत्पन्नाचा आकडा. झीज त्यातून वजा झालेली नसते. नवी नाव बांधली की तो आकडा वाढतो. ती दहा वर्षांत कुजली तर तो आकडा घटत नाही. टाकून देऊन आणखी एक बांधली की पुन्हा वाढतो. चांगली दुरुस्त केलेली आणि तीस वर्षे चाललेली नाव या हिशेबात आळशी ठरते. जे. सी. कुमारप्पांनी १९४५ साली टिकाऊपणाचे अर्थशास्त्र मांडले तेव्हा नियोजनाच्या उत्साहात असलेल्या विद्वानांनी त्यांना ग्रामोद्योगवाले म्हणून बाजूला बसवले. धनंजयराव गाडगीळांना तसे बाजूला बसवणे शक्य नव्हते. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या लाभांची त्यांनी पाहणी केली. तिचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. पाण्याचा लाभ केवळ पाणीपट्टीत मोजायचा नसतो, त्याभोवती उभ्या राहणाऱ्या व्यवहारात मोजायचा असतो, ही दृष्टी त्या पाहणीने दिली. तीच मोजपट्टी उजनीच्या नावेला लावून पाहावी. नावेचे भाडे हा तिचा प्रत्यक्ष लाभ, आणि तो क्षुल्लक आहे. पण पलीकडच्या शाळेत जाणारा मुलगा, बाजारी जाणारी भाजी, दवाखान्यात वेळेवर पोचलेले बाळंतपण, टळलेला टेंभुर्णीचा वळसा, हे कोणत्या वहीत जमा होते? ते जमेत धरले असते तर एका डेकच्या दुरुस्तीचा खर्च नगण्य ठरला असता.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला व्यवहारी माणसांचा : पूल होणारच आहे, मग जुन्या नावांवर पैसा कशाला? पूल व्हावा, तो कधीच व्हायला हवा होता. पण मोठ्या पुलाला मंजुरीपासून वाहतुकीपर्यंत वर्षे लागतात आणि त्या सगळ्या वर्षांत माणसे पाण्यावरूनच जातात. शिवाय पूल शिरसोडीला झाला तरी तो जलाशयाच्या काठावरच्या प्रत्येक वाडीच्या दारात येत नाही. मासेमारीची नाव तर पुलानंतरही पाण्यातच राहणार.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो डाव्या विचाराच्या माणसांकडूनही ऐकू येतो. नाव ही खाजगी मालकाची वस्तू. तो भाडे घेतो. तिच्या दुरुस्तीचा भार समाजाने का उचलावा? यात एक गोष्ट गृहीत धरली आहे ती अशी की, नावाडी हा भांडवलदार आहे. काठावर ज्याची एक नाव आहे, जो स्वतः ती चालवतो, ज्याला पाणी उतरले की महिनोन्महिने काम नसते, त्याला मालक म्हणणे म्हणजे शब्दांची फसवणूक आहे. तो स्वतःचे अवजार बाळगणारा मजूर आहे. धरणाने ज्यांची जमीन नेली अशा कुटुंबांतली, भोई समाजातली माणसे या धंद्यात आहेत. उसाच्या मालकाला ठिबकसाठी अनुदान मिळते तेव्हा त्याच्या खाजगी मालकीचा प्रश्न कोणी उपस्थित करत नाही. कारखान्याच्या बॉयलरसाठी सरकार कर्जाला हमी देते तेव्हाही नाही. तो प्रश्न नेमका नावेपाशी येऊनच का आठवतो? तरीही आक्षेपात काही तथ्य आहे, ते मान्य करून पुढे जाता येईल : पैसा मालकाच्या हातात देऊ नये, काम करून द्यावे. दुरुस्ती सार्वजनिक जागी, सार्वजनिक देखरेखीखाली व्हावी, आणि ती झालेली नाव ठरलेल्या भाड्याने, ठरलेल्या माणसांच्या संख्येने चालवण्याचे बंधन नावाड्यावर असावे.

कायदा याला आड येत नाही. १९१७ सालचा जुना अंतर्देशीय नौका कायदा जाऊन २०२१ साली नवा आला. यंत्रावर चालणाऱ्या नावांची तपासणी आणि नोंदणी त्यात आहे. विनायंत्र नावांची नोंद स्थानिक पातळीवर ठेवण्याचीही कल्पना आहे. पण तपासणी म्हणजे नापास करण्याचा अधिकार, एवढाच अर्थ आपल्या प्रशासनाला कळतो. ज्या नावाड्याची नाव नापास झाली त्याच्यापुढे दोनच मार्ग उरतात : कर्ज काढून नवी घ्यायची, किंवा तपासनीस गेल्यावर जुनीच पुन्हा पाण्यात लोटायची. दुसरा मार्ग स्वस्त आहे. दुरुस्तीची सोय न करता केलेली तपासणी माणसाला चोरटेपणाकडे ढकलते, आणि मग त्या चोरट्या नावेत बसलेली मुले बुडाली की त्यालाच आरोपी करते.

सरकारने स्वतः घेतलेल्या नावांचे काय होते, तेही यानिमित्ताने आठवावे. नाशिकजवळ गंगापूर धरणावरच्या बोट क्लबसाठी आणलेल्या नावा वर्षानुवर्षे वापरावाचून पडून राहिल्याच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांनी छापल्या होत्या. उभी असलेली फायबरची नाव चालणाऱ्या नावेपेक्षा लवकर सडते, कारण तिच्यात साचलेले पावसाचे पाणी उपसणारे कोणी नसते. नवे घेण्याला पैसा होता, झाकायला ताडपत्री नव्हती.

काटेवाडीच्या रस्त्यावरून पुढाऱ्यांच्या गाड्या इंदापूरला वारंवार जातात. त्यांच्यापुढे ठेवण्यासारखी मागणी फार मोठी नाही. जलाशयाच्या इंदापूरच्या काठावर एक आणि करमाळ्याच्या काठावर एक अशा दोन शेड, वर पत्रा आणि चारी बाजूंनी वारा खेळणारे. त्यांत आयएस ७१० चे प्लायवूड आणि इपॉक्सी घाऊक दराने, करमाफ. धूळ ओढणारा पंखा, कारागिराला खरा मुखवटा आणि हातमोजे. प्रशिक्षण संस्थेतला एक निदेशक आणि त्याच्या हाताखाली काठावरच्याच गावांतली मुले, विद्यावेतन घेऊन. प्रत्येक नावेची एक वही, तीत खडूच्या रेघेचा नकाशा आणि दुरुस्तीची तारीख. याला जो खर्च येईल तो उपसा योजनेच्या एखाद्या पंपाच्या हिशेबात सहज हरवून जाईल.

कामाचा हंगाम निसर्गानेच ठरवून दिला आहे. रोहित पक्षी परतू लागतात, सहलीची गर्दी ओसरते, पाणी खाली जाते, नावा काठाच्या भेगाळ चिखलात टेकतात आणि वैशाखातले ऊन लाकूड सुकवायला सज्ज असते. पाऊस सुरू झाला की हवेत दमटपणा येतो, रेझीन नीट धरत नाही आणि उघडलेला डेक पुन्हा भिजतो. तेव्हा मंजुरीची फाइल आषाढात हलली तर त्या वर्षाचा उपयोग गेला. ती पौष-माघात हलायला हवी.